पावसावर घेतलेला आळ: ट्रॉलरच्या पंख्यातली पोकळी

गोव्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. मालीम, कुटबण, वास्को, शापोरा इथल्या ट्रॉलरांची शाफ्टची, स्टर्न बुशची (शाफ्टला आधार देणाऱ्या नळीची) आणि पंख्याची (प्रोपेलरची) कामे याच दोन महिन्यांत निघतात. १ ऑगस्टला बोट पाण्यात हवी, त्यामुळे नवे पंखे वर्षातल्या सगळ्यात ओल्या आठवड्यांत ओतले जातात. ओतकामात काही बिघडले की पहिले बोट पावसाकडे जाते. इथे मांडलेल्या प्रकरणात ते तसेच गेले, आणि त्यात महिना वाया गेला.

फोंडा तालुक्यातल्या एका छोट्या फौंड्रीतला हा पंखा. व्यास १००० मिमी, चार पाती, धातू निकेल-ॲल्युमिनियम ब्रॉन्झ (एबी-२ प्रत). मापे शेवटपर्यंत दिली आहेत, म्हणजे वाचणाऱ्याला गणित स्वतः करून ताडता येईल.

मधला जाड गड्डा, ज्याला बोटीच्या कामात बॉस म्हणतात, २०० मिमी उंच आहे. व्यास वरच्या तोंडाला १९० आणि खालच्या तोंडाला १७० मिमी. पात्याची जाडी मुळाशी ३८ मिमी आणि टोकाला ६ ते ७ मिमी. शाफ्टचे भोक १:१२ उताराचे, रुंद तोंडाला ७५ आणि अरुंद तोंडाला सुमारे ५८ मिमी. साच्यात बॉसचे मोठे तोंड वर येते. पंख्याचे कच्चे वजन ८४ किलो, त्यातले जवळपास ३५ किलो एकट्या बॉसमध्ये. साचा सोडियम सिलिकेट आणि कार्बन डायऑक्साइडने घट्ट केलेल्या वाळूचा, भट्टी डिझेलवर चालणारी, मूस १५० किलो ब्रॉन्झ मावेल एवढी. हा मुशीचा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तोच सगळ्यांना अडवतो.

दोष असा होता: पंखा साच्यातून चांगला निघायचा. पाती भरलेली, कातडी स्वच्छ, वाजवला तर नाद खणखणीत. लेथवर भोक करायला घेतले की बॉसच्या साधारण मध्यावर, पात्यांच्या मुळांच्या पातळीला, टूल खडखडू लागे आणि भोकाच्या भिंतीत खरबरीत पोकळी उघडी पडे. कधी बोटाच्या पेराएवढी, कधी नुसता स्पंजासारखा पट्टा. की-वेची खाच (पंखा शाफ्टला पक्का बसवणाऱ्या चावीची) त्या पट्ट्यातून गेली की पंखा बाद. शाफ्टचा सगळा पीळ तिथूनच जातो, त्यामुळे ती जागा वेल्डिंगने भरून देणे हा चोरटा उपाय आहे. तांडेलाला ते दिसत नाही, पण भर समुद्रात की-वेच्या कोपऱ्यातून तडा गेला तर जाळे ओढणारी बोट तिथेच अडकते.

तीन उपाय, तिन्ही उलटे

पहिला तर्क: वाळूत दमट हवा मुरली, साच्यातून वाफ निघाली. म्हणून साचा गॅसच्या बर्नरने दुप्पट वेळ भाजला. फरक शून्य.

दुसरा तर्क: धातू थंड पडतोय, वरून बॉसपर्यंत पोचत नाही. ओतण्याचे तापमान ११६० वरून १२३० अंशांवर नेले. पोकळी वाढली. ती वाढणारच होती. वितळलेला ब्रॉन्झ दर १०० अंशांना घनफळाने साधारण १ टक्का आकसतो, म्हणजे जितका जास्त गरम ओताल तितकी भरपाई जास्त लागते. शिवाय जास्तीची उष्णता बॉसभोवतीच्या वाळूत आधीच साठते, आणि जो भाग शेवटी गोठायला नको तो आणखी उशिरा गोठतो. ॲल्युमिनियम असलेला धातू जास्त गरम केला की हवेतल्या बाष्पाशी झटकन जुळतो, आणि हायड्रोजनचा त्रास ओढवून घेतला जातो तो वेगळाच.

तिसरा तर्क: धातूतच वायू आहे. म्हणून ग्रॅफाइटच्या नळीतून नायट्रोजन सोडण्याचा वेळ ७ मिनिटांवरून १५ मिनिटांवर नेला. वायू मुळात नव्हताच, त्यामुळे धातू थंड झाला, वर ऑक्साइडची साय जाड झाली आणि काही पात्यांच्या अंगावर सायीच्या सुरकुत्या आल्या.

पावसाळ्यात हायड्रोजनची भीती खोटी नाही. ॲल्युमिनियम पाण्याच्या वाफेतला ऑक्सिजन हिसकावून घेते आणि सुटलेला हायड्रोजन धातूत विरघळतो. गोठताना तो बाहेर पडतो आणि बुडबुडे करतो. पण म्हणून प्रत्येक भोक हायड्रोजनचे नसते. ते तपासायला दहा मिनिटे लागतात, आणि तीच दहा मिनिटे कोणी दिली नव्हती.

पोकळी काय सांगते

बाद झालेला एक बॉस बँडसॉवर उभा चिरला. ब्रॉन्झ वाया जात नाही, तुकडे पुन्हा मुशीत जातात. जाते ती फक्त मजुरी. बाद माल न चिरता भंगारात टाकणारी फौंड्री त्याच चुकीचे पैसे पुन्हा मोजते.

चिरलेल्या तोंडावर चार गोष्टी दिसल्या. पोकळीच्या भिंती गुळगुळीत नव्हत्या; भिंगाखाली नेच्याच्या पानासारखे बारीक फाटे उभे होते. वायूचे भोक गोल आणि आतून लख्ख किंवा काळपट गुळगुळीत असते. आकसण्याने पडलेल्या पोकळीत मात्र गोठणाऱ्या स्फटिकांची बोटे उघडी राहतात, कारण त्यांच्यामधला द्रव शोषला जातो आणि जागा भरायला मागून काही येत नाही. दुसरे, पोकळी कोअरला (भोकाची जागा मोकळी ठेवायला साच्यात उभ्या केलेल्या वाळूच्या दांड्याला) लागून होती, बॉसच्या बाहेरच्या अंगाकडे नव्हती. तिसरे, आधी बाद झालेल्या बॉसमध्येही ती त्याच उंचीला होती. वायू एवढा शिस्तीचा नसतो.

चौथी गोष्ट रायझरने, म्हणजे आकसणाऱ्या धातूला भरपाई द्यायला बॉसच्या डोक्यावर ओतलेल्या जादा साठ्याने, सांगितली. कापून बाजूला फेकलेले रायझर उचलून पाहिले तर त्यांची डोकी जवळपास सपाट होती. मधून चिरले तर आतून भरीव, चांगला धातू. फौंड्रीत याचे कौतुक व्हायचे, की रायझर किती सुरेख येतो. खरे तर काम केलेला रायझर आतून पोकळ, खचलेला, कुरूप असायला हवा. त्याने आपले पोट रिकामे करून खालचा भाग भरायचा असतो. भरीव रायझर आणि पोकळ बॉस याचा अर्थ एकच: बॉसने मागितले तेव्हा रायझर आधीच गोठून बसला होता, किंवा त्याहून वाईट, बॉसनेच रायझरला पाजले.

वायूची शंका मिटवायला साधी चाचणी केली. सुक्या वाळूत ५० मिमी व्यासाचा, ७५ मिमी खोल खड्डा, त्यात मुशीतला धातू. गोठल्यावर डोके खोल खचले तर धातू स्वच्छ; सपाट राहिले किंवा भाकरीसारखे फुगले तर वायू आहे. नमुना नीट खचला. वर नोंदवहीत जानेवारीत ओतलेला याच मापाचा एक पंखा सापडला, त्यालाही हाच शेरा: ‘बोअरमध्ये स्पंज’. जानेवारीत फोंड्याला कुठला पाऊस!

जुन्या ठोकळ्याची गोष्ट

आधी या फौंड्रीत ८०० मिमीचे पंखे निघत. ट्रॉलरांची इंजिने मोठी झाली, मागणी १००० मिमीवर गेली. पॅटर्न (ज्यावरून साचा करतात तो नमुना) नवा केला, पण रायझरचा लाकडी ठोकळा जुनाच राहिला: १५० मिमी व्यास, १५० मिमी उंच. ‘बॉसच्या व्यासाच्या पाऊणपट रायझर’ हा अंगठ्याचा नियम त्याला लागू पडत होता, म्हणून कोणाला खटकले नाही.

गोठायला किती वेळ लागतो याचा नियम चेक अभियंता ख्वोरिनोव यांनी १९४० मध्ये मांडला. गोठण्याचा वेळ मॉड्युलसच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, आणि मॉड्युलस म्हणजे घनफळ भागिले उष्णता बाहेर टाकणारे पृष्ठफळ. रायझर नंतर गोठायला हवा, म्हणून त्याचे मॉड्युलस खालच्या भागाच्या निदान १.२ पट ठेवतात.

रायझरचे गणित सोपे. उंची व्यासाएवढी आणि तळ बॉसला चिकटलेला, म्हणजे मॉड्युलस व्यासाच्या एकपंचमांश: १५ ÷ ५ = ३.० सेंमी.

बॉसचे घनफळ, कोअर वजा करून, ४५७३ घसेंमी. बाहेरचे गोल अंग ११३१ चौसेंमी, त्यातून चार पात्यांच्या मुळांचे सुमारे २६० वजा केले की ८७१. खालचे तोंड २०७. वरच्या तोंडाचा रायझरबाहेर उरलेला काठ १०७. राहिले कोअरचे अंग, ३६१ चौसेंमी. ते धरायचे की नाही?

धरले तर एकूण १५४६ आणि मॉड्युलस २.९६. रायझर ३.०. १.२ पट नाही, पण जवळपास बरोबरी, आणि अंगठ्याचा नियमही सांभाळला जातो. न धरले तर ११८५ आणि मॉड्युलस ३.८६. मग रायझर बॉसच्या (३.० ÷ ३.८६) च्या वर्गाएवढ्या, म्हणजे साठ टक्केच वेळात गोठतो. बॉस चाळीस टक्के वेळ एकटा, उपाशी.

सगळे प्रकरण या एका प्रश्नावर उभे आहे. बाहेरच्या अंगामागे अख्ख्या पेटीची वाळू आहे. उष्णता तिच्यात पसरत जाते. सुमारे ५८ मिमी जाडीच्या कोअरला मागे काहीच नाही. चारी बाजूंनी ६० मिमी जाड ब्रॉन्झचा वेढा, आणि वाळू मुळात उष्णता धरून ठेवणारी. काही मिनिटांत कोअर पोटापर्यंत लाल होतो आणि त्यानंतर तो धातूला थंड करण्याऐवजी ऊब देत बसतो. बारीक कोअरचे अंग हिशेबात धरायचे नाही, हे इथे शिकण्यासारखे. पोकळी कोअरला चिकटून का होती, त्याचे उत्तरही हेच: सगळ्यात शेवटी गोठणारी जागा भिंतीच्या मध्यावरून सरकून कोअरकडे गेली होती.

पात्यांच्या मुळांतून थोडी उष्णता बाहेर जाते, ती या हिशेबात धरलेली नाही. म्हणजे चूक झाली तर सुरक्षित बाजूला.

दुसरी चूक पॅटर्नवाल्याच्या कसबात लपली होती. लेथवर कमी कापावे लागावे म्हणून त्याने कोअर भोकाच्या उताराप्रमाणेच केला होता, वर ६५ आणि खाली ५० मिमी. हिशेबी माणूस. पण त्यामुळे बॉसची भिंत वर ६२.५ आणि खाली ६० मिमी झाली, म्हणजे वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारखीच जाड. गोठण्याची लाट खालून वर, रायझरकडे चढत जायची तर भिंत वर जाड होत गेली पाहिजे.

तिसरी गोष्ट भरण्याची. ॲल्युमिनियम ब्रॉन्झ वरून ओतता येत नाही. उसळला की ऑक्साइडची साय घडी होऊन आत जाते आणि ती घडी म्हणजे तयार तडा. म्हणून तो बॉसच्या तळातून, शांतपणे चढवतात. ते बरोबरच होते. पण तळातून भरले की सगळ्यात शेवटी आलेला, सगळ्यात गरम धातू तळाशी राहतो आणि साच्यात फिरून थंड झालेला धातू वर रायझरमध्ये जाऊन बसतो. गरम तळ, थंड रायझर: हवे त्याच्या नेमके उलट. त्यात इनगेट (धातू साच्यात शिरण्याची तोंडे) होते दोन, ४० × १० मिमीचे. ११६ किलो धातू, म्हणजे १५.३ लिटर, २५ सेकंदांत त्या ८ चौसेंमीतून गेला तर वेग सेकंदाला ०.७६ मीटर. ०.५ मीटरच्या वर गेला की धातू कारंज्यासारखा उडतो. सुरकुत्यांचे मूळ इथेही होते.

मोठा रायझर का नाही

सरळ उपाय म्हणजे रायझर वाढवणे. पण बॉसचे वरचे तोंड पूर्ण झाकणाऱ्या रायझरखाली बॉसचे मॉड्युलस ४.२४ होते. त्याच्या १.२ पट ५.१, म्हणजे रायझर साडेपंचवीस सेंमी व्यासाचा, वजन ९८ किलोच्या आसपास. ८४ किलोचा पंखा, ९८ किलोचा रायझर, रनर (धातू आत नेणाऱ्या वाटा) वगैरे १२ किलो. एकूण १९४ किलो, आणि मूस १५० ची! शिवाय तो रायझर कापायला निम्मा दिवस.

कोअर लोखंडी करावा असेही सुचले. ओतला की चटकन थंड करील, खरे आहे. पण ब्रॉन्झ गोठून थंड होताना साधारण २ टक्के आकसतो. ५० मिमीच्या न दबणाऱ्या कोअरवर तो मिलिमीटरभर आवळला जातो आणि एक तर कोअर निघत नाही, नाहीतर गरम असतानाच बॉस फाटतो. क्रोमाइट वाळूचा (उष्णता जास्त ओढणाऱ्या वाळूचा) कोअर त्यापेक्षा शहाणपणाचा, पण तोही शेवटी बारीकच आहे आणि थोड्या वेळाने लाल होणारच. महाग वाळू घेऊन निम्मा गुण.

तेव्हा तीन लहान उपाय एकत्र केले.

कोअर सरळ केला, वरखाली ५० मिमी. भिंत वर ७० आणि खाली ६० झाली. पंखा एक किलोने जड झाला आणि लेथवर थोडे जास्त कापावे लागले. उतार मिळाला तो मात्र फुकट. कोअरच्या पोटात १२ मिमी व्यासाची, भोके पाडलेली लोखंडी नळी, खालच्या पेटीच्या तळाखाली नटाने आवळलेली. वायू नळीतून खाली निघतो, आणि कोअरच्या बुडाखाली धातू शिरलाच तर कोअर वर उचलला जात नाही.

बॉसच्या तळाला बिडाची चिल (धातू लवकर थंड करणारी चकती) बसवली: बाहेरचा व्यास १७० मिमी, मधले भोक ६०, जाडी ५०, वजन साधारण ७ किलो. अखंड कडी तडकते, म्हणून तीन तुकड्यांत, मध्ये थोडी फट ठेवून. इनगेट चिलच्या २५ मिमी वर, बॉसच्या अंगाला स्पर्शिकेच्या दिशेने नेले, म्हणजे धातू चिलवर सरळ आदळत नाही, गोल फिरत चढतो. मापही ५५ × १२ मिमी केले.

रायझरचा व्यास १५० मिमीच ठेवला, उंची १८० केली आणि भोवती २० मिमी जाडीची उष्णतारोधक तंतूंची स्लीव्ह घातली. स्लीव्हचा बाहेरचा व्यास बरोबर १९० येतो, म्हणजे बॉसचा वरचा काठही झाकला जातो.

आता हिशेब. बॉसचे घनफळ ४७०२ घसेंमी. बाहेरचे अंग ८७१. चिल लागलेले तोंड साध्या वाळूच्या दोन ते तीन पट उष्णता ओढते असे धरतात. अडीचपट धरले तर ५१८. कोअर शून्य, वरचा काठ शून्य. एकूण १३८९, मॉड्युलस ३.३९, त्याच्या १.२ पट ४.०६. रायझरचे नुसते मॉड्युलस ३.१०, अशी स्लीव्ह ते साधारण १.३५ पट करते, म्हणजे ४.१९. जमले, पण फार मोकळीक नाही. स्लीव्ह हलकी आली किंवा भिजली तर सगळे कोसळते.

वेळेचा हिशेब झाला, आता मालाचा. साध्या वाळूतला रायझर आपल्या वजनाच्या सुमारे १४ टक्केच धातू खाली देऊ शकतो. जुना रायझर २० किलोचा, म्हणजे २.८ किलो. आकसणे ५ टक्के धरले तर पंखा आणि रायझर मिळून मागणी ५.२ किलो. पाती पातळ, बरीचशी भरतानाच गोठतात आणि आपली भरपाई वाहत्या धातूतून घेतात. तरी नुसता बॉस आणि रायझर धरूनही २.७५ लागतात. म्हणजे वेळेवर जागा राहिला असता तरी तो काठावरच होता. स्लीव्हमधला रायझर ३० टक्क्यांपर्यंत देतो: २४ किलोचे ७.२, मागणी ५.४५. एकूण धातू १२१ किलो. मुशीत बसला.

ओतण्याचा दिवस

धातू ११५० ते ११६० अंशांना, बुडत्या पायरोमीटरने मोजून. या ब्रॉन्झचे गोठणे १०६० च्या आसपास सुरू होते आणि वीसेक अंशांत संपते; नव्वद-शंभर अंशांची वरकड ७ मिमीच्या पात्यालाही पुरते. गोठण्याचा हा पट्टा अरुंद असणे ही इथली मोठी सोय आहे. शिसे-कथिलाच्या गनमेटलला हाच पट्टा दीडशे अंशांचा पडतो. तो सगळीकडे एकाच वेळी लापशीसारखा घट्ट होत जातो आणि रायझरचे तिथे फारसे चालत नाही. तिथे चिलवर भर द्यावा लागतो. गनमेटलच्या बुशवर कमावलेला हात ॲल्युमिनियम ब्रॉन्झला तसाच लावू नये.

धातू तळातून चढवायचा. रायझरमध्ये ७० मिमी वर दिसला की स्प्रूत (धातू ओतण्याच्या उभ्या वाटेत) ओतणे बंद. इथपर्यंत साधारण १०६ किलो जातात, आणि १३.२ चौसेंमीच्या इनगेटमधून वेग सेकंदाला ०.४२ मीटर राहतो. उरलेले १५ किलो लगेच, त्याच मुशीतून, लॅडलची (धातू ओतण्याच्या पळीची) चोच रायझरच्या तोंडाला टेकवून वरून हळूच. सगळ्यात गरम धातू आता वर आला. तळातून भरल्याने उलटी झालेली तापमानाची उतरंड इथे सुलटी होते. वरून ओतल्याने साय होते, पण ती रायझरमध्येच राहते आणि कापून जाते.

मग ताबडतोब झाकण. स्लीव्ह घालून डोके उघडे ठेवणे म्हणजे गोधडी पांघरून डोके पावसात. विकतची पावडर चालते. इथे भाताच्या तुसाची राख वापरली, तव्यावर कोरडी करून, ३० मिमीचा थर. कच्चा तूस टाकू नये, त्यात पाणी असते.

पाऊस शेवटी आलाच

पहिल्या चाचणीचा बॉस चिरला. पोकळी गायब. रायझर आतून नरसाळ्यासारखा खचलेला, आणि खचलेल्या टोकापासून बॉसच्या तोंडापर्यंत ४० मिमी भरीव धातू. पण तळाच्या तोंडावर, चिल लागली होती तिथे, टाचणीच्या डोक्याएवढ्या गोल भोकांची रांग, ३-४ मिमी खोल. गोल, गुळगुळीत. ही मात्र वायूचीच.

साचा आदल्या संध्याकाळी बंद करून ठेवला होता आणि ओतला दुसऱ्या दिवशी दुपारी. जुलैत हवा २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असली तर दव पंचवीस अंशांनाच पडते. रात्रभर फरशीवरच्या पेटीत बसलेले बीड तेवढे सहज उतरते. त्यात भाजलेल्या साच्यातली वाफ गरम वाळूतून निघून सगळ्यात थंड जागा शोधते, आणि ती जागा म्हणजे चिल. बाटलीला सुटतो तसा तिला घाम सुटला होता. त्यावर ११५० अंशांचा धातू गेला.

यावर नियम बसवला. चिल वाळूने घासून, गंज पूर्ण काढून, झिरकॉनचा पातळ लेप देऊन १५० अंशांपर्यंत तापवायची आणि हाताला चटका बसेल इतकी गरम असतानाच बसवायची. पेटी बंद केल्यापासून दोन तासांच्या आत ओतायचे. काही कारणाने उशीर झाला तर पेटी उघडून चिल पुन्हा तापवायची. ‘चालून जाईल’ असे म्हणायचे नाही. गंजलेली चिल तापवूनही भोके पाडते, कारण गंजात पाणी बांधलेले असते आणि तो धातूलाही चावतो. लेपाच्या स्पिरिटचा डबा झाकण न लावता ठेवला तर तो हवेतले पाणी पितो. मग सुकवायला पेटवलेला लेप वरून सुकल्यासारखा दिसतो, आत मात्र ओलाच राहतो. स्लीव्हचे खोके जमिनीवर न ठेवता भट्टीजवळच्या फळीवर गेले.

दुसरा पंखा असा ओतला आणि तोही चिरला. मालकाच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण एका नमुन्यावर निकाल लावणे म्हणजे मटका. दोन्ही तोंडांवर लाल पेनिट्रंट (बारीक फटींत शिरणारा रंग) फवारून, पुसून, तो रंग बाहेर ओढून दाखवणारा पांढरा डेव्हलपर मारला. कोअरच्या बाजूला रेघ नाही, तळाला ठिपका नाही. तिसरा न चिरता लेथवर गेला, आणि भोक पहिल्यापासून शेवटपर्यंत एका आवाजात कापले गेले.

साचा उघडण्याची घाई करू नये. धातू तीनेकशे अंशांवर उतरेपर्यंत पंखा वाळूतच ठेवला, नाहीतर पातळ टोके आधी आकसून पात्यांची पिच (पिळाचे माप) हलते. निकेल असल्यामुळे एबी-२ ला हळू थंड होणे सोसते. निकेल नसलेला एबी-१ मात्र ५६५ अंशांच्या खाली रेंगाळला तर ठिसूळ होतो आणि खाऱ्या पाण्यात त्याचे ॲल्युमिनियम खाल्ले जाते. तो गरमच बाहेर काढावा लागतो. मुशीत कोणती प्रत आहे हे साचा फोडणाऱ्यालाही माहीत हवे.

आता तिथे प्रत्येक रायझर कापल्यावर त्यात गजाची सळई घालून खचलेली खोली मोजतात आणि पंख्याच्या नंबरापुढे लिहितात. टोक बॉसच्या तोंडापासून २५ मिमीच्या आत आले तर तो पंखा आधी पेनिट्रंटला जातो, मग लेथवर. सपाट डोक्याचा रायझर दिसला तर त्या दिवशीचे ओतणे थांबते आणि स्लीव्ह, झाकण, तापमान हे तिन्ही तपासले जाते.

१२०० मिमीच्या पंख्याची विचारणा आली आहे. त्याला हाच ठोकळा, हीच चिल चालणार नाही. सगळी मापे १.२ पट झाली की मॉड्युलसही १.२ पट होते आणि गोठण्याचा वेळ १.४४ पट. बॉस २४० मिमी उंच होईल, तळाच्या चिलचा जोर पात्यांच्या मुळांपर्यंत पोचायला कमी पडेल. तिथे दोन पात्यांच्या मधल्या बॉसच्या अंगालाही, खालच्या अर्ध्या भागात, चार उभ्या चिल लावाव्या लागतील. धातू दोनशे किलोंच्या पुढे जातो, म्हणजे दोन मुशी एकाच वेळी तयार ठेवायच्या, किंवा ते काम सरळ नाकारायचे.